एक काळी छत्री सापडली आहे

पुरवणीने बाकाला खांदा लावला आणि ढकललं. बाक हललं नाही, पुरवणी हलली. शनिवारची दुपार होती, चर्चमध्ये बघायला कुणी नव्हतं, म्हणून तिने पाय रोवून पुन्हा जोर केला. तेव्हा ते कुरकुरत चार बोटं सरकलं आणि कधी नव्हे ते समोर बघायला लागलं. समोर म्हणजे पुलपिटाकडे, पाच पायऱ्या चढून उपदेश करायच्या त्या लाकडी चौथऱ्याकडे, जिथे उद्या सकाळी तिने उभं राहायचं होतं. उरलेली तेरा बाकं मात्र तिरकीच होती. सगळ्यांचं तोंड डावीकडे, कोपऱ्यातल्या जुन्या ऑर्गनकडे. लग्नाच्या फोटोत दोन-चार पाहुणे भलतीकडे बघत असतात, तशी ही अख्खी वरात भलतीकडे बघत होती.

"राहू दे," मागून घंटीमामा म्हणाले.

चर्चची घंटा वाजवणं, काचा पुसणं आणि लोकांचा उत्साह घालवणं ही तीन कामं घंटीमामा चाळीस वर्षं करत आले होते. पैकी तिसऱ्याचा पगार नव्हता, तरी तेच ते जास्त मन लावून करत.

"आठ वर्षांत पाच पाळक येऊन गेले," ते म्हणाले. "पाचांनी बाकं सरळ केली. एकाने तर सुतार आणला. सुतार म्हणाला, जमीन सरळ आहे, बाकं सरळ आहेत, माणसं तपासून घ्या."

"मग?"

"मग काय, लोक आले, बसले, उठले. बाकं होती तशी. बसल्या बसल्या बुडाने सरकवतात गं. त्यांचं त्यांनाही कळत नाही."

पुरवणी त्याच बाकावर टेकली. आणि टेकता टेकता तिच्याही नकळत ते बोटभर डावीकडे गेलं.

तिला एक व्यवस्थित नाव होतं. ते धर्मशिक्षणाच्या पदवीवर छापलेलं होतं, आणि बहुधा फक्त तिथेच. इथे ती पुरवणी, कारण वर्तमानपत्राबरोबर पुरवणी यावी तशी ती लहानपणी आत्याबरोबर यायची. कुणी मागितलेली नसायची, पण असायची. आत्यालाही इथे नावाने कुणी ओळखत नव्हतं. आत्या म्हणजे सूचनाबाई.

त्याची सुरुवात सत्तावीस वर्षांपूर्वी झाली. तेव्हाचे पाळकसाहेब सायकलवरून पडले. सायकल उभी होती, ही गोष्ट ते शेवटपर्यंत नाकारत राहिले, पण तीन साक्षीदार होते. खुब्याचं हाड मोडलं, पाळकसाहेब लेकाकडे गेले, आणि नवे पाळक पुढच्या महिन्यात येतील असं वरून कळवण्यात आलं. पुढचा महिना यायला एकोणीस वर्षं लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी शेजारच्या गावचे पाळक येऊन प्रभुभोजन उरकून जात. बाकीचे रविवार पुलपीट रिकामं.

शास्त्र, म्हणजे बायबल, या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा वाचलेलं माणूस मंडळीत एकच होतं: मुलींच्या शाळेतली शिवणाची बाई, म्हणजे आत्या. पण मंडळीच्या नियमावलीत साफ लिहिलं होतं की स्त्रीने पुलपिटावरून उपदेश करू नये. नियमावली असायची घड्याळकाकांकडे. ते पंच कमिटीचे चिटणीस. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यात भिंतभर चाळीस घड्याळं, आणि चाळीसही एकच वेळ दाखवायची. असा माणूस नियमाला बगल देईल, हे शक्यच नव्हतं. त्यांनी रीतसर नियमावली उघडली, चष्मा पुसला, आणि वाचून दाखवलं की उपासनेत सूचना कुणीही द्याव्यात, मात्र जमिनीवर उभं राहून, ऑर्गनपाशी. सापडलेल्या वस्तूची सूचना मालक ओळख पटवून ती वस्तू नेईपर्यंत चालू समजावी. सूचनेने किती वेळ घ्यावा, याबद्दल नियमावली गप्प होती. वाचून झाल्यावर तेही गप्प झाले.

त्या रविवारी एका बाकाखाली छत्री सापडली होती.

आत्या ऑर्गनपाशी उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच राहून गेलेली, बोटांना खडू. ती म्हणाली, "एक काळी छत्री सापडली आहे. लाकडी मूठ, एक काडी वाकडी. ज्याची असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावी."

कुणी उठलं नाही. आत्याने छत्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, की या बिचारीला आपण हरवलोय हे ठाऊकच नाही. हरवल्याचं दुःख वस्तूला नसतं, शोधणाऱ्याला असतं. तिथून ती हरवलेल्या मेंढराकडे गेली, मेंढराकडून मेंढपाळाच्या पायांतल्या काट्यांकडे, आणि तिथून प्रत्येकाच्या घरात शिरली. अडतीस मिनिटं. शेवटच्या बाकावरचा खाटीक रडत होता. मेंढराचा विषय असल्याने ते जरा अवघड दिसलं, पण रडत होता.

घड्याळकाकांनी उपासनेच्या वहीत दिवसाची नोंद केली. उपदेश: झाला नाही. सूचना: ३८ मिनिटं. त्यांना खोटं लिहिता येत नसे.

पुढच्या रविवारीही छत्री कुणी नेली नाही. त्याच्या पुढच्याही. एकोणीस वर्षं आत्या दर रविवारी तीच छत्री सापडल्याचं त्याच गंभीर चेहऱ्याने सांगत आली, आणि मग बोलत राहिली. उसवतं ते शिवणीत उसवतं, कापडात नाही, म्हणून नातं फाटलं असं म्हणायच्या आधी शिवण बघा, हे तिचंच. मंडळीत दोन भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते हे ऐकलं त्या दिवशी एकाच बाकावर बसून घरी गेले. म्हणजे चालतच गेले, पण बरोबर गेले. लोकांना हळूहळू वळणच पडलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहुणे पाळक 'आता उपदेश' म्हणाले की मंडळी डोळे मिटून घ्यायची. इतर रविवारी 'आता सूचना' म्हटलं की चष्मे निघायचे, शास्त्रं उघडायची आणि चौदा बाकं डावीकडे वळायची.

पुरवणीचं काम छत्री धरणं. पुरावा म्हणून ती सगळ्यांना दिसेल अशी उभी धरायची असे. सात वर्षांची पुरवणी ऑर्गनच्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी मूठ धरायची, आत्याच्या आवाजात पेंगायची, कपाळ मुठीवर टेकायची. छत्रीला डांबरगोळ्यांचा वास यायचा. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठमोठे विद्वान देवाच्या सान्निध्याबद्दल बोलायचे तेव्हा तिच्या नाकात तोच वास यायचा. हे तिने परीक्षेत लिहिलं नाही, एवढंच.

छत्री अजून होती. ऑर्गनमागच्या खुंटीवर. आठ वर्षांपूर्वी गुडघ्यांनी आत्याला घरी बसवलं, तेव्हापासून घंटीमामाच सूचना देत. ते म्हणायचे, "छत्री आहे." आणि खाली बसायचे.

दाराशी पावलं वाजली. घड्याळकाका आले होते. ऐंशीचे असतील आता. वही काखेत.

त्यांनी सरळ केलेल्या बाकाकडे पाहिलं, मग बाकीच्या तेरांकडे.

"उद्या तुम्ही कुठून बोलणार?" त्यांनी विचारलं.

पुरवणीला ते 'तुम्ही' टोचलं. याच माणसाने लहानपणी तिच्या डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटातली चाकं दाखवली होती, आणि हात लावलास तर आजची वेळ थांबेल असा दम दिला होता. ती आठवडाभर घाबरून होती.

त्यांनी मग सगळं नीट सांगितलं. नियम वरूनच बदलला आहे, बाईला पाळक नेमता येतं, त्यात वाद नाही. पण नेमायचं की नाही ते इथल्या सात पंचांनी उद्या उपासनेनंतर ठरवायचं. तिघांची तयारी आहे, तिघांची नाही. जे नको म्हणतात त्यांनी एक मधला मार्ग सुचवला आहे. तिने वर न चढता ऑर्गनपाशी उभं राहून बोलावं. कायमच.

"ती जागा लोकांच्या मनातली आहे," काका म्हणाले. "तुमच्या आत्याचा मान राहील. मग कुणाची हरकत नाही. सातच्या सात."

"आणि वरून बोलले तर?"

काकांनी मनगटावरच्या घड्याळाला उगाच चावी दिली. ते चावीचं नव्हतंच.

"तर मतं मोजावी लागतील."

"तुमचं कुणीकडे काका?"

"चिटणीस शेवटी मत देतो," ते म्हणाले, आणि वही सावरत निघून गेले.

ते गेल्यावर पुरवणी ऑर्गनपाशी जाऊन उभी राहिली. तिथल्या फरशीत दोन पावलांएवढे खळगे पडले होते. तिची पावलं त्यांत आपोआप बसली. समोर तेरा बाकं थेट तिच्याकडे बघत होती. इथून बोलायला आवाजही चढवावा लागला नसता. परगावी वर्षानुवर्षं काढून घरी यावं, आणि ताट वाढलेलंच असावं, तसं तिला झालं. इथे राहायला काय हरकत होती, हे तिला खरोखरच कळेना.

"बरं दिसतंय," घंटीमामा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं, म्हणजे मोहाची कमालच होती.

संध्याकाळी तिने आत्याला सांगितलं. आत्या खिडकीशी बसून शर्टाची विरलेली कॉलर उसवून उलटवत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"तिथून बाकं छान दिसतात नाही?" ती म्हणाली.

"हो."

"आणि वरून?"

"वरून सगळ्यांचे उजवे कान दिसतात."

आत्या हसली. दोरा तोडायला दाताशी नेला होता तो तसाच राहिला. मग तिने तो तोडला आणि सुईत नवा ओवला.

"मला ती जागा आवडायची असं सगळ्यांना वाटतं," आत्या म्हणाली. "इतक्या जणांना वाटलं, की मलाही वाटायला लागलं होतं."

पुरवणी तिच्या पायांशी बसली.

"दर शनिवारी पुलपीट मी पुसायचे. ठाऊक आहे का तुला? तू बाहेर खेळत असायचीस. पाचही पायऱ्या, कठडा, वर शास्त्र ठेवायची फळी. पुसून झालं की थोडा वेळ थांबायचे तिथे. हातात फडकं असलं की कुणाची हरकत नसायची."

तिने कॉलर हातावर ताणून पाहिली.

"तू उद्या खाली उभी राहिलीस तर लोक म्हणतील, आत्याचा मान राखला. आणि मग ही जागा बायकांची ठरेल. पक्की. शिवून टाकल्यासारखी." ती थांबली. "पाचच पायऱ्या होत्या गं पुरवणे."

मग चष्मा काढून म्हणाली, उद्या मला घेऊन चल. सूचना मी देते.

रविवारी आत्या येणार ही बातमी तिच्या आधी पोहोचली होती. ज्यांनी आठ वर्षं चर्चचं दार पाहिलं नव्हतं तेही आले. खाटीक आला, सून आणि नातवंडांसकट. गीत झालं, प्रार्थना झाली. पुरवणी पुलपीट आणि ऑर्गन यांच्या बरोबर मधे ठेवलेल्या खुर्चीवर बसली होती. इकडे चार पावलं, तिकडे चार पावलं. काल सरळ केलेलं बाक केव्हाच तिरकं झालं होतं.

"आता सूचना," घंटीमामा म्हणाले.

आत्या काठी टेकत खळग्यांपाशी गेली. चष्मे निघाले. शास्त्रं उघडली. बाकं कुरकुरली आणि होती त्याहून जरा जास्तच डावीकडे गेली. आत्याने खुंटीवरून छत्री घेतली.

"एक काळी छत्री सापडली आहे," ती म्हणाली. "लाकडी मूठ, एक काडी वाकडी. ज्याची असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावी."

लोकांच्या चेहऱ्यांवर हसू पसरलं. तेच शब्द, तोच चेहरा. एका म्हातारीने पदराने डोळे टिपून घेतले, पुढे वेळ मिळणार नाही म्हणून. सगळे नीट टेकून बसले, चाळीस मिनिटांच्या तयारीने.

आत्या पुढे बोलली नाही.

ती नुसती उभी राहिली. काठी एका हातात, छत्री दुसऱ्या. एक मिनिट गेलं. कुणीतरी खाकरलं. पुरवणीला वाटलं, आत्या विसरली. मग वाटलं, आत्या दमली, आपणच उठून तिच्या शेजारी जावं, छत्री धरावी, बोलायला लागावं. चार पावलं होती. तिने खुर्चीचा हात धरला, आणि तेव्हा तिला दिसलं की आत्या लोकांकडे बघत नाहीये. ती पहिल्या बाकाच्या टोकाकडे बघते आहे, जिथे घड्याळकाका वही मांडीवर ठेवून बसले होते.

काकांनी सवयीने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली होती. त्यांनी वही मिटून बाकावर ठेवली आणि उठले.

"माझी आहे," ते म्हणाले.

खाटकाच्या लहान नातीने 'काय झालं' असं विचारलं आणि तिचं तोंड दाबण्यात आलं. पुरवणीच्या डोळ्यांपुढे एकदम पावसाळी रविवार आले. घड्याळं झाकायचं मेणकापड डोक्यावर धरून दुकानातून लगबगीने येणारे काका. मेणकापडातून मानेवर ओघळणारं पाणी. एवढा मोठा दुकानदार आणि साधी छत्री घेत नाही, माणूस चिकट, असं सगळी मंडळी म्हणायची. काकांच्या घरचेही म्हणायचे. काकांनी कधी खोडून काढलं नव्हतं.

"ओळख?" आत्याने विचारलं.

"तिसरी काडी वाकडी. मुठीच्या आतल्या अंगाला घड्याळाचे दोन काटे कोरलेत. सव्वानऊ वाजलेत त्यात. माझ्या वडिलांच्या हातचं आहे."

आत्याने मूठ उलटी केली नाही. तिचा अंगठा आधीच तिथे होता.

"ओळख पटली," ती म्हणाली. मग जरा हळू, "पुष्कळ भिजलात."

"मेणकापड होतं," काका म्हणाले.

त्यांनी छत्री घेतली. आत्याने मोकळा झालेला हात पदराला पुसला, आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "सूचना संपल्या."

हे वाक्य त्या चर्चमध्ये सत्तावीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. काय करायचं असतं हे लोकांना कळेना. शास्त्रं उघडीच राहिली. आत्या ऑर्गनच्या स्टुलावर बसून गुडघे चोळायला लागली, तरी लोक त्या दोन खळग्यांकडे बघत राहिले, जिथे आता कुणी नव्हतं.

पुरवणी उठली. पायऱ्या खरंच पाचच होत्या. चौथी कुरकुरली. वरची फळी गुळगुळीत होती, आणि तिच्या कडेला, कुणालाही दिसणार नाही अशा जागी, लाकूड एका हाताच्या तळव्याएवढं झिजलेलं होतं. पुरवणीने तिथे हात ठेवला. खाली चौदा बाकांवर उजवे कान होते. ती थांबून राहिली.

घड्याळकाका आपल्या जागेशी पोहोचले होते. ते बसले नाहीत. त्यांनी छत्री मनगटाला अडकवली, वाकले आणि बाकाचं एक टोक धरून ओढलं. ऐंशीच्या माणसाने ओढावं इतपतच ते हललं. घंटीमामांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी निरुत्साही म्हटलं आणि दुसरं टोक उचललं. मग दुसऱ्या रांगेत कुणीतरी उठलं. खाटीक उठला. फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज मागे मागे जात राहिला, दारापर्यंत.

तो थांबला तेव्हा काकांनी वही उघडली. सूचना: ३ मिनिटं. उपदेशाच्या रकान्यात त्यांनी फक्त सुरुवातीची वेळ मांडली, पेनला टोपण लावलं आणि वर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. छत्री त्यांनी खाली ठेवली नाही. मांडीवर दोन्ही हातांनी मूठ धरून, सगळ्यांना दिसेल अशी, उभीच धरून ठेवली.